डाव्या हाताची सही

१८ सप्टेंबर १९८६

लेकीचं, दुर्गाचं पत्र आलं. चतुर्थीच्या आधी येईल असं धरून चालले होते. मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी दुपार सरता सरत नाही, त्यामुळे पोस्टमन पाणंदीत दिसला की मी आधीच घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहते. आज त्याने लांबूनच पत्र वर धरून दाखवलं.

पत्र लहान आहे. लग्न होऊन टोरोंटोला गेली त्याला दोन वर्षं झाली. आपल्या जिल्ह्यात सी. ए. झालेल्या मुली त्या किती, त्यातली ती एक, आणि तिथे एका दुकानात गल्ल्यावर बसते, कारण आपली सी. ए. तिथे चालत नाही. आता तिथल्या संस्थेने दार थोडं उघडलं आहे. तिचे इथले पेपर ते तपासणार आहेत. इथे ऑफिसात राहून प्रत्यक्ष काम शिकली तेही धरणार आहेत. पण त्यासाठी ज्यांच्या हाताखाली ती शिकली त्या कणकवलीच्या भाईंचं सविस्तर प्रमाणपत्र हवं, त्यांच्या स्वतःच्या सहीचं. जानेवारीअखेर तिथे पोचलं पाहिजे.

शेवटी लिहिलं आहे, ‘हे नाही जमलं तर मी मे महिन्यात परत येईन, कायमची. कणकवलीत पाटी लावीन.’

हे वाक्य मी परत परत वाचलं. जावयांची, मधुसूदनरावांची नोकरी तिथे आहे, त्यांचं काय करायचं ते लिहिलेलं नाही. दोघांनी मिळून ठरवलं असेल. पत्ता नवा आहे, तेव्हा मोठं घर घेतलं असावं. ‘वेंगुर्ल्याला यातलं काही बोलू नको’ असंही लिहिलं आहे. वेंगुर्लं म्हणजे तिचं सासर. बातमी आपल्या तोंडाने सांगायची असणार तिला.

२२ सप्टेंबर

कणकवलीला जाऊन आले. बाजारातलं भाई प्रभुदेसाईंचं ऑफिस बंद. खालच्या कापडवाल्याने सांगितलं, घरीच जा.

सुगंधावहिनींनी दार उघडलं. भाईंच्या पत्नी. दुर्गा कणकवलीला शिकत होती तेव्हा दुपारचा डबा कितीदा ह्यांच्याच घरचा असे.

“तुमका कोणी कळवूक नाय?” त्या म्हणाल्या. “जेष्ठात झटको इलो. उजवी बाजू गेली.”

भाई पडवीत आरामखुर्चीत होते. एवढा दांडगा माणूस, अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा असा दिसत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कुणीतरी ठेवलेला. मला बघून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, हल्ली असंच होतं, मनावर घेऊ नका.

“दुर्गी,” ते म्हणाले. मग बराच वेळ पुढचा शब्द येईना. “कशी आसा?”

मी पत्र वाचून दाखवलं. सहीचं वाक्य आल्यावर ते उजव्या हाताकडे बघत राहिले.

“ह्यो हात आता माजो नाय,” म्हणाले.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. कुडाळ येईपर्यंत मनात एकच, की आता मे महिन्यात दुर्गा घरी येणार. भाईंची ती दशा बघून आलेली बाई, आणि मला बरं वाटत होतं. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

२९ सप्टेंबर

पुन्हा कणकवली. दुर्गाला ‘जमत नाही’ असं कळवण्याआधी एकदा सगळं करून बघावं म्हणून गेले. वहिनींनी ओळखीच्या वकिलांना बोलावलं होतं. वकील म्हणाले, “सही होत नसेल तर अंगठा चालतो, भाई. दोन साक्षीदार घालू. कायद्याने त्यात काही कमी नाही.”

भाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलले. इतकं लांब बोलणं आजारपणानंतर पहिलंच, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

“सोसायटीच्या कागदार मी जल्मभर लोकांचे अंगठे घेतलंय. आता माजो अंगठो कॅनडाक जातलो? थंयले लोक काय म्हणतले? दुर्गीक ज्येनी शिकवल्यान तो अंगठेबहाद्दर होतो, असाच म्हणतले. चेडवाची सगळी शिकवण फुकट.”

वकील उठून गेले. वहिनींनी चहा आणला. आणि मी ऐकलं की मीच बोलते आहे.

“डावो हात बरो आसा मा तुमचो?”

“आसा.”

“पयलीच्या पोरांका मी जल्मभर लिवक शिकवलंय. तुमकाय शिकवतंय.”

भाई हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली. का बोलले मी हे? घरी येऊन पेज घेतली तरी कळलं नाही.

३ ऑक्टोबर

पहिला धडा. कुडाळच्या बाजारातून पाटी आणि पेन्सिली घेतल्या. दुकानदार विचारत होता, नातवाला का. मी हो म्हटलं.

भाईंना थेट सहीच काढायची होती. “माका सही होयी, रेघो कित्याक?”

“आधी रेघ,” मी म्हटलं.

उभी रेघ, आडवी रेघ, मग गोळा. डाव्या हाताने पाटी भरून रेघा काढल्या, सगळ्या वाऱ्यावर हलणाऱ्या माडासारख्या. शाळेत असताना डाव्या हाताने लिहिणारी मुलं आली की आम्ही त्यांची पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचो, तशी रीतच होती. आता मी एका मोठ्या माणसाचा हात उलट वळवते आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं ठरलं.

१० ऑक्टोबर

भाईंनी पेन्सिल फेकली. इंग्रजी सहीतलं पहिलं जी अक्षर उलटंच येत होतं, आरशात दिसावं तसं. पेन्सिल पडवीच्या कडेला गेली. आत वहिनी डोळे पुसत असाव्यात, भांड्यांचा आवाज थांबला होता.

“पेन्सिल उचला,” मी म्हटलं.

“माका वाकाक येणा नाय.”

“मगे टाकूक नको होती.”

मी उठले नाही. पहिलीच्या वर्गात एकदा उठलं की वर्षभर उठावं लागतं. भाईंनी काठीने पेन्सिल जवळ ओढली, पायाने धरली, आणि कसेबसे वाकून डाव्या हाताने उचलली. घामाघूम झाले. मग म्हणाले, “दुर्गीकय असाच वागवलास काय?”

“तिका पेन्सिल टाकूची सवय नव्हती.”

“माज्या ऑफिसात होती,” म्हणाले. “फाईल टाकी.”

हे मला माहीत नव्हतं.

१७ ऑक्टोबर

कुडाळच्या बाजारात विहीणबाई भेटल्या, आनंदीबाई. दिवाळीच्या खरेदीला वेंगुर्ल्याहून आल्या होत्या. पोह्यांच्या दुकानात उभ्या राहून बोललो.

“दुर्गाचा पत्र येता मा तुमका?” त्यांनी विचारलं.

“येता.”

“आमका येणा नाय. मधूचा येता. लिवता, हल्ली भायरच जेवतंय म्हणान. घरात बायको आसताना माणसान भायर कित्याक जेवचा?”

मला ओशाळल्यासारखं झालं. दुर्गाच्या हाताला चव आहे, सोलकढी तर माझ्यापेक्षा बरी करते. म्हटलं, दुकानाच्या वेळा अवघड असतील, दोघांच्या वेळा जुळत नसतील. आनंदीबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मला काहीतरी विचारायचं असावं तसं. मग पिशवी उचलून म्हणाल्या, “बघा, लिवा तिका.”

आज रात्रीच्या पत्रात लिहिलं, की कामाच्या नादात घराकडे दुर्लक्ष करू नको, ते बिचारे बाहेर जेवतात.

२४ ऑक्टोबर

सहीबरोबर मजकूरही हवा. दुर्गाने ऑफिसात काय काय काम केलं ते भाई सांगतात, मी उतरून घेते, मग टायपिस्टकडे इंग्रजी करायला द्यायचं. आज वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याची गोष्ट सांगितली.

मालाची मोजदाद करायची होती. मालकाने भाईंना निरोप पाठवला, मुलगा पाठवा, गोदामात बाईमाणसाचं काम नाही. भाईंनी दुर्गालाच पाठवलं. गोदामात कच्च्या काजूच्या गोणींची थप्पी छपरापर्यंत. बाहेरच्या गोणी दाखवून मालक म्हणाला, झालं. दुर्गा साडी खोचून थप्पीवर चढली आणि मधल्या गोणी उघडायला लावल्या. मधल्या सगळ्या गोणींत टरफलं.

“मालक खूप बोललो तिका,” भाई म्हणाले. “वायट बोललो. ती ऑफिसात इली, कागद माज्या टेबलार ठेवल्यान, आनि मागच्या खोलयेत जावन रडली. मगे तोंड धुवन इली आनि इचारल्यान, उद्या खंय जावचा आसा?”

“घराक येवन माका काय बोलूक नाय ती.”

“तुमका सांगल्यार तुमी तिका जावक दिल्लास नसता, म्हणत होती.”

मी लिहीत होते. ‘मालाची प्रत्यक्ष तपासणी’ एवढंच लिहिलं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने काय खाल्लं असेल, मी तिच्याशी काय बोलले असेन, ते आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवलं नाही. माझी मुलगी मला कणकवलीच्या पडवीत दुसऱ्या माणसाकडून थोडी थोडी मिळते आहे. मंगळवारची वाट बघायला लागले आहे मी.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फराळाचं दुर्गाला पाठवता येत नाही, तरी तिच्या वाटणीचं डब्यात काढलं. मग शेजारी दिलं.

आमच्या वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात गेले. तळ्यावर कुणी नव्हतं. हात जोडले आणि काय मागायचं ते कळेना. सही व्हावी असं मागितलं तर ती तिथेच राहणार. होऊ नये असं मागितलं तर... तसं देवासमोर म्हणवेना. नुसतीच उभी राहिले आणि घरी आले.

१४ नोव्हेंबर

भाईंचा हात चांगला चालायला लागला आहे. जी सरळ येतं, आडनावातलं शेवटचं अक्षरसुद्धा नीट वळतं. मंगळवारी मी गेले नाही. आजही गेले नाही. ताप आहे असा निरोप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवला.

ताप नाही. घरात बसून तांदूळ निवडले, मग निवडलेलेच पुन्हा निवडले.

१८ नोव्हेंबर

गेले. पडवीची जमीन पांढरी झालेली. भाईंनी पाटी पुरत नाही म्हणून खडू घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या जमिनीवर सह्या काढल्या होत्या, काठी टेकून, हात लांब करून. वहिनी म्हणाल्या, “पुसूक देणत नाय. बाई येवन बघतली, म्हणतत.”

मी आले काय, न आले काय, हे होणारच होतं. मला लाज वाटली, आणि एक ओझं उतरल्यासारखंही झालं. जमिनीवरच्या सह्या बघत गेले, चुकलेल्या ठिकाणी खडूने खूण केली.

शिकवणी झाल्यावर भाईंनी दुर्गाचा पत्ता मागितला, मजकुरात घालायला. मी पत्र दिलं. त्यांनी पत्ता वाचला. वर कुणा परक्या बाईचं नाव आहे, तिच्या घरी म्हणून.

“ही कोण?”

“घरमालकीण आसात.”

“जावयाचा नाव नाय ह्याच्यार.”

“पत्र दुर्गाचा, तिनाच पत्तो घातल्यान.”

भाई पत्त्यावर बोट ठेवून बसले. आजारपणात त्यांचं असं होतं, मधेच कुठेतरी हरवतात. मग पाटी पुढे ओढून म्हणाले, “परत सही घालूया. आजून बरी होवक होयी.”

६ डिसेंबर

डॉक्टरांचा दाखला आणि डाव्या हाताच्या सहीचे नमुने दिल्लीला सी. ए. लोकांच्या संस्थेकडे पाठवले. तिथल्या दप्तरात ही सही चढली, म्हणजे कॅनडावाल्यांना शंका राहणार नाही. ही युक्ती भाईंचीच. आता ते दिवसातून काही तास टेबलाशी बसतात. वहिनी म्हणतात, जेवायलाही डावा हात चांगला चालतो, आता भरवावं लागत नाही.

घरी आल्यावर दुर्गाचं पत्र. बाहेर जेवण्याबद्दल मी लिहिलं होतं त्याला एका ओळीचं उत्तर, ‘त्यांच्या जेवणाची काळजी तू करू नको, आई.’ रागावली असेल. मी तरी कशाला लिहिलं. थंडी खूप आहे म्हणते, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ येतो. तळघरातल्या खोलीत आहे. मोठं घर घेतलं असं मला वाटलं होतं. पैसे साठवत असतील.

३० डिसेंबर

कुडाळचा एक मुलगा सुट्टीला टोरोंटोहून आला, त्याच्याबरोबर दुर्गाने कॅसेट पाठवली आहे. माझ्याकडे टेपरेकॉर्डर नाही, भाईंकडे आहे. आज तिथे ऐकली.

दोन वर्षांनी आवाज ऐकला. आधी नुसतीच खरखर, मग एकदम, “आई, मी बोलतंय.” इतक्या जवळून की मी मागे वळून पाहिलं.

मालवणीतच बोलली आहे सगळं. काय खाते, दुकानात कोण कोण येतं, बर्फात चालायचं कसं. मधे एक बाई इंग्रजीत तिला हाक मारते आणि एक लहान मूल हसतं. दुर्गा सांगते, ह्या घरमालकीण, मोठ्या चांगल्या आहेत, रविवारी मला सूप आणून देतात. म्हणते, “एकट्यासाठी रांधूचो कंटाळो येता, मगे ता सूप बरा लागता.” पुढे अभ्यासाचं बोलली. मग म्हणाली, “आई, तू पयलीच्या पोरांका कविता शिकवी होतंस तशी एकदा म्हण आनि पाठय. माका नीज येणा नाय.”

मी म्हटलं, मधुसूदनराव त्या वेळी कामावर असतील, त्यांचा आवाज नाही आला. वहिनींनी तोंड उघडलं. भाईंनी डावा हात थोडासा वर केला आणि वहिनी उठून चहा करायला गेल्या.

कविता मी त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर म्हटली. आवाज कापत होता म्हणून भाईंनी पुन्हा म्हणायला लावली. पहिलीच्या मास्तरांसारखे वागले.

७ जानेवारी १९८७

दिल्लीहून उत्तर आलं, सही नोंदली. आज भाईंनी प्रमाणपत्रावर सही केली. टाईप केलेली पानं, प्रत्येकावर एक सही. वकील समोर होते. भाईंनी वहिनींना चांगला सदरा काढायला सांगितला होता.

शेवटची सही झाल्यावर टोपण लावायला त्यांना एक हात कमी पडला. ते मी लावलं. वकील कागद बघत म्हणाले, “भाई, तुमच्या जुन्या सहीपेक्षा ही वाचता तरी येते.”

पोस्टात मीच गेले. रजिस्टर केलं. शिक्का पडताना खिडकीपाशी उभी होते. मागच्या माणसाने बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा निघाले.

९ फेब्रुवारी

काही नाही. काजू मोहरलेत. दुपारी शाळेच्या बाजूला गेले होते, पहिलीचा वर्ग दारातून बघितला आणि परत आले.

मंगळवार-शुक्रवार कणकवलीला जायचं कारण आता उरलं नाही. तरी गेल्या शुक्रवारी गेले. भाई आता मराठीत लिहायला शिकतात. म्हणाले, सही झाली, पण पत्र कसं लिहिणार.

२६ मार्च

दुर्गाचं पत्र. तिथल्या संस्थेने तिचं इथलं शिक्षण मानलं. भाईंकडचं प्रशिक्षणही पूर्ण धरलं. सप्टेंबरात दोन पेपर द्यायचे, तिथल्या कायद्याचा आणि तिथल्या करांचा, आणि पास झाली की ती तिथली अकाउंटंट. तिने लिहिलं आहे, ‘मालाच्या तपासणीचं त्यांनी मुद्दाम विचारलं. मी काजूच्या गोदामाचं सांगितलं तेव्हा एक म्हातारा सभासद हसला आणि म्हणाला, आमच्याकडेही असे मालक आहेत.’

मी खळ्यात उभी राहून वाचलं. शेजारणीला हाक मारून सांगितलं, तिला काही कळलं नाही पण तिने साखर आणून दिली. भाईंना उद्या सांगेन.

मे महिन्यात आता ती येणार नाही. ओसरीच्या बाजूची खोली मी फाल्गुनात सारवून घेतली होती. तिच्या टेबलाला जागा लागेल म्हणून पेटारा बाहेर काढला होता. आज तो ओढून परत आत लावला. जड आहे.

पत्राखाली लिहिलं आहे, ‘१२ एप्रिलला, रविवारी, भाईंच्या फोनवर फोन करीन. सकाळपासून तिथे थांब. बोलायचं आहे.’

१३ एप्रिल

काल लिहिता आलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीने कणकवलीला गेले. फोन दुपारपर्यंत आला नाही. आला तेव्हा वहिनींनी उचलला, ऑपरेटरशी बोलल्या, आणि माझ्या हातात दिला. मग भाईंना काठी दिली आणि दोघं पडवीत गेली. दारही लोटून घेतलं.

“आई, तू बसलंस मा?” दुर्गा म्हणाली. तिचा आवाज यायचा, मग माझा मलाच परत ऐकू यायचा.

“बसलंय. बोल.”

“मी त्या घरातसून भायर पडलंय. श्रावणातच.”

मला आधी समजलं नाही. म्हटलं, “खंयच्या घरातसून?”

“मधुसूदनाच्या. अर्जाचे कागद इल्ले तेवा म्हणालो, अर्ज फाड, नायतर घरातसून जा. मी गेलंय.”

“मारल्यान काय तुका?”

“नाय. मारूक नाय. बोलणा बंद केल्यान. मयनेच्या मयने.”

श्रावणात. म्हणजे सहीचं ते पत्र टाकण्याआधीच. नवा पत्ता. तळघरातली खोली. आणि मी तिला लिहिलं होतं की ते बिचारे बाहेर जेवतात.

“माका आधी कित्याक सांगूक नाय?”

“तू ये म्हणतलंस,” ती म्हणाली, “आनि मी येतलंय. म्हणान.”

लाईनवर नुसती गाज होती. मग तिचा आवाज बदलला. लहानपणी ताप आला की असा व्हायचा.

“पण आता माका कंटाळो इलो, आई. सप्टेंबर खूप लांब आसा. दिवसभर दुकान, आनि मगे त्या खोलयेत एकट्यान पुस्तक घेवन बसूचा. कोणाशी आपल्या भाषेत बोलूक गावणा नाय. तू सांग. तू ये म्हण, मी ह्याच मयन्यात येतंय. कणकवलीतय काम आसा मा?”

सप्टेंबरपासून मी ह्या शब्दांची वाट बघत होते. ‘ये’ एवढाच शब्द. तो तोंडात आला होता. टेबलावर भाईंची पाटी होती, त्यांनी सकाळी काहीतरी मराठीत लिहिलेलं. मी ते वाचत राहिले आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

“पेपर दी,” मी म्हटलं.

“काय?”

“पयले पेपर दी, दुर्गे. तुजा तुका मिळू दे. मगे ये. चार दिवस ये नायतर कायमची ये, पण आपल्या मनान ये. घालवल्यानी म्हणान नको.”

ती रडत होती असं वाटलं. लाईन तशीच होती, नीट कळत नव्हतं. मग म्हणाली, “तुका माजी याद येणा नाय?”

“येता,” मी म्हटलं. “रोज येता.” तेवढ्यात फोन कट झाला. ऐकलं की नाही कोण जाणे.

थोड्या वेळाने पडवीत गेले. भाई माझ्याकडे न बघता म्हणाले, “काय म्हणाली?”

“पेपर देतली.”

त्यांनी मान हलवली.

“तुमका म्हायत होता?” मी विचारलं.

“अंदाज होतो,” म्हणाले. वहिनींनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. जेवायला थांबा म्हणाल्या. मी थांबले नाही.

कुडाळला गाडी बदलली. आनंदीबाईंना मी काय सांगणार ते ठरवत होते, आणि मग वाटलं की काहीच सांगायचं नाही, त्यांच्या मुलाने सांगावं. दुर्गाला रोज एक पत्र लिहायचं, मालवणीत. बोलायला कुणी मिळत नाही म्हणाली, निदान वाचायला मिळेल. ते मात्र नक्की ठरलं.

वालावलला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. घर उघडलं, पाय धुतले, देवाजवळ दिवा लावला. चूल पेटवून आधण ठेवलं. आणि मग तिथेच चुलीपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाले, “दुर्गे, घराक ये गो.”

शेजारणीने ऐकलं असेल. तिने हाक देऊन विचारलंही, कुणी आलंय का. मी म्हटलं, नाही, कुणी नाही.

मग तांदूळ धुवायला घेतले.